मदरबोर्ड, एक नग

उदयराव खांबेटे कोथिंबिरीची जुडीसुद्धा तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय घेत नसत. हा कंजूषपणा नव्हे. खिदिरपूरच्या गोदीजवळ एका केंद्र सरकारी कार्यालयात ते खरेदी शाखेचे अधिकारी होते, आणि त्या शाखेत हयात घालवलेल्या माणसाला एकाच दुकानाचा भाव ऐकला की जीव घाबरा होतो. तीन कोटेशनं मागवायची, शेजारी शेजारी मांडून तुलनात्मक तक्ता करायचा, ज्याचा दर सगळ्यांत कमी त्याला ‘एल-वन’ ठरवायचं आणि त्याच्याकडूनच माल उचलायचा, हा त्यांचा धर्म होता. बागबाजारच्या मंडईत पहिल्या भाजीवाल्याकडून तिसऱ्याकडे जाऊन ते पुन्हा पहिल्याकडे येईपर्यंत त्याची कोथिंबीर संपलेली असे. शेवटी मंगलाताई स्वतःच कोथिंबीर आणू लागल्या. लग्नाच्या वेळी उदयरावांनी किती मुली पाहिल्या होत्या आणि त्या तक्त्यात आपण कितव्या होतो, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही, कारण उदयरावांनी खरंच सांगितलं असतं.

जूनमध्ये नाशिकहून कोलकात्याला बदली झाली आणि खांबेटे मंडळी बागबाजारात एका जुन्या घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहायला आली. घरमालक श्यामसुंदर घोषाल वरच्या मजल्यावर राहत. इतिहास हा त्यांचा आवडता विषय, आणि समोर अस्सल मराठी भाडेकरू आल्यावर तर त्यांना पर्वणीच लाभली. पावणेतीनशे वर्षांपूर्वी मराठे चालून येणार या धास्तीने कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला आणि त्याची सुरुवात इथेच, बागबाजारात झाली, हे त्यांनी उदयरावांना सामान उतरवतानाच सांगितलं.

"उदयबाबू, खंदक आप लोग के वास्ते खोदा था," ते म्हणाले. "आप एतना देर से आया."

मराठे तेव्हा कोलकात्यात शिरले नव्हते. आत्ता शिरले होते ते एक ट्रक सामान, कुरकुरणारा फ्रिज आणि रुसलेली मुलगी घेऊन.

मुलगी म्हणजे कादंबरी. अकरावीत होती. नाशिकला तिची, सुश्रुतची आणि नूपुरची अशी तिघांची टोळी होती. संध्याकाळी अभ्यास आटोपला की तिघं कॉम्प्युटरवर एकच खेळ एकत्र खेळत. त्यात तिघांना मिळून एका बेटावरून जिवंत बाहेर पडायचं असे. नाशिकला कादंबरी शेजारच्या नूपुरच्या घरी जाऊन, तिच्या दादाच्या मशीनवर खेळायची. कोलकात्यात नूपुरही नव्हती आणि तिचा दादाही नव्हता. घरचा जुना लॅपटॉप खेळाचं नाव काढलं की तापून बंद पडायचा. नव्या शाळेत सगळ्या मुली आपापसांत बंगालीत हसायच्या. कादंबरी संध्याकाळी खिडकीत बसून फोनवर नाशिकच्या दोघांचा खेळ नुसता बघायची. घरात तिचं हसणं ऐकू येईनासं झालं होतं, आणि हे उदयरावांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही.

ऑगस्टच्या शेवटी एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, कोजागिरीच्या संध्याकाळी स्पर्धा आहे. सुश्रुत म्हणतो, तोवर तुझ्याकडे मशीन आलं तर तू, नाहीतर तन्मय कायमचा."

"तन्मय कोण?"

"नाशिकला आता माझ्या बाकावर तो बसतो."

उदयरावांनी हातातला घास परत ताटात ठेवला. बदल्या सरकार करतं, पण भोगतं कोण ते त्यांना समोर दिसत होतं.

"कोजागिरीच्या आत मशीन घरात येईल," ते म्हणाले. "माझा शब्द."

"भोपाळला तुम्ही कुत्रा आणणार होतात," कादंबरी शांतपणे म्हणाली आणि तिने आमटी वाढून घेतली.

ही गोष्ट खरी होती. भोपाळला उदयरावांनी कुत्र्याचा शब्द दिला होता, दोन जणांचे दरही आणले होते, तिसऱ्याचा दर येईपर्यंत नाशिकच्या बदलीचा हुकूम आला. नाशिकला सायकलीचा शब्द दिला. तिथे तिन्ही कोटेशनं वेळेत आली, तक्ता झाला, एल-वन ठरला, आणि सायकल आणायला गेले तेव्हा कादंबरी त्या मापाच्या सायकलीवर बसताच तिचे गुडघे हँडलला आपटू लागले. तक्ता बरोबर होता. मुलगी मध्यंतरी वाढली होती, त्याला उदयराव काय करणार?

घरात वित्त विभाग मंगलाताईंकडे होता. नव्या फ्रिजसाठी त्यांनी पन्नास हजार बाजूला ठेवले होते. त्या बराच वेळ फ्रिजकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "अहो, तो अजून एक वर्ष काढेल. पण पन्नासच्या वर एक पैसा मागायचा नाही. आणि या वेळी खरंच आणा."

कादंबरीने त्याच रात्री वस्तूंची यादी करून दिली. प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी, ग्राफिक्स कार्ड, वीजपुरवठ्याचा डबा, बाहेरचा कॅबिनेट, पडदा, कळफलक, कानाला लावायचा हेडफोन. प्रत्येकापुढे कंपनी आणि मॉडेल. खाली तिने लिहिलं होतं की चांदनीच्या बाजारात एक दुकान हे सगळं जोडून, चालवून, बावन्न हजारांत देतं.

उदयरावांनी यादी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा ऑफिसात असायचा तसा झाला.

"एकच दुकान? आणि बजेटच्या दोन हजार वर?"

"बाबा, ते जोडून देतात. सगळे भाग एकमेकांना बसावे लागतात."

"बसतील. प्रत्येक वस्तूची वेगळी खरेदी केली की पन्नासच्या आत येतं. मोठं काम तोडून घेतलं की स्पर्धा वाढते." मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि कंपन्यांची, मॉडेलांची सगळी नावं एकेक करून खोडली.

"हे काय केलंत?"

"मागणीत कंपनीचं नाव घालायचं नसतं, कादंबरी. नाव घातलं की एकाच पुरवठादाराला फायदा होतो. उद्या तक्रार झाली तर?"

तक्रार कोण करणार होतं हे कादंबरीने विचारलं नाही. तिने फक्त यादी वाचली. जिथे एका विशिष्ट बोर्डाचं नाव होतं तिथे आता वडिलांच्या सुवाच्य अक्षरात होतं: मदरबोर्ड, एक नग, नवीन, चालू स्थितीत.

सल्ल्याला तोटा नव्हता. महाराष्ट्र मंडळात ओळख झालेला उन्मेष न्यू टाउनच्या आयटी कंपनीत होता. उदयरावांनी त्याला तांत्रिक सल्लागार नेमलं, म्हणजे रविवारी पोह्यांना बोलावलं. उन्मेषने दुसऱ्या बशीला हात घालताना कबूल केलं, "काका, खरं सांगू का, मी दिवसभर क्लाउडवर असतो. प्रत्यक्ष मशीन मी कॉलेजनंतर उघडून पाहिलेलं नाही. पण ग्राफिक्स कार्डात पैसे घाला. तो प्राण आहे. बाकी शरीर काय, कसंही चालतं." हे वाक्य उदयरावांच्या मनात ठसलं. घोषालबाबू जिन्यातून सगळं ऐकत होते. त्यांनी तरुणपणी याच चांदनीतून सुटे भाग आणून रेडिओ जोडला होता, आणि तो अठ्ठ्याहत्तर सालापर्यंत वाजत होता. नंतर का थांबला हे त्यांनी सांगितलं नाही.

"अलग-अलग लेना," ते म्हणाले. "जोड़ने का मजा अलग है. हम है ना."

सप्टेंबरभर उदयराव शनिवारी चांदनीला जात राहिले. गल्ल्या अरुंद, डोक्यावर वायरींची जाळी, आणि प्रत्येक दुकानदार ‘बसुन दादा’ म्हणून स्टूल पुढे करणारा. उदयराव बसत, चहा घेत आणि दर लेखी मागत. लेखी म्हटल्यावर दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळे. एकाने दर एका सिगरेटच्या पाकिटावर लिहून दिला, आणि त्यावर तारीख, सही, शिक्का मागितल्यावर ते पाकीट परत घेतलं. अपेक्षित संख्येने कोटेशनं न आल्यामुळे उदयरावांनी स्वतःच्याच टेंडरला एकदा, मग दुसऱ्यांदा मुदतवाढ दिली. कादंबरी दर शनिवारी दारात उभी असे आणि त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघून आत जाई.

अखेर तक्ता झाला. तो सुरेख झाला होता. नऊ वस्तू, आठ वेगवेगळे एल-वन आणि एकूण खर्च पन्नासला चारशे कमी. नववी वस्तू हेडफोन. तिला दोनच कोटेशनं आली, म्हणून ती पुढच्या टप्प्यात ढकलली. नवरात्रातल्या चतुर्थीला सगळी खोकी टॅक्सीतून घरी आली तेव्हा उदयराव दुर्गेच्या मंडपासाठी बांबू बांधलेल्या गल्लीतून विजयी मुद्रेने चालत आले. घोषालबाबूंनी वरून हात हलवला.

कादंबरीने खोकी दिवाणावर मांडली आणि त्यांच्यावरचं बारीक अक्षर वाचत गेली. दोन खोकी तिने शेजारी शेजारी धरून पुन्हा वाचली.

"बाबा," ती म्हणाली, "हा प्रोसेसर एका कंपनीचा आहे आणि बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरसाठी आहे."

"मग?"

"मग बसणार नाही. खाचाच वेगळ्या आहेत. काहीही केलं तरी बसणार नाही."

उदयरावांनी तक्ता पाहिला. तक्त्यात काहीही चूक नव्हती. मदरबोर्ड, एक नग, नवीन, चालू स्थितीत. चारही अटी पूर्ण होत होत्या.

कादंबरी रागावली असती तर बरं झालं असतं. तिने दोन्ही खोकी जागच्या जागी ठेवली आणि म्हणाली, "जाऊ द्या. तन्मय पण चांगला खेळतो." हे ऐकून उदयरावांना रात्रभर झोप लागली नाही, आणि ऑफिसातल्या कुठल्याही लेखापरीक्षणाने त्यांची झोप कधी उडवली नव्हती.

चांदनीचा बाजार पूजेसाठी बंद होण्याआधी बोर्ड बदलणं भाग होतं. पंचमीला ऑफिसात वर्षातली सगळी बिलं एकाच दिवशी सह्यांना आली, त्यामुळे ते निघाले ते षष्ठीच्या दुपारी. मदरबोर्ड कापडी पिशवीत घेतला होता. गल्लीच्या टोकाला पोहोचताच लक्षात आलं की सगळं कोलकाता देवी बघायला बाहेर पडलं आहे. मेट्रोच्या दिशेने जायला म्हणून ते एका रांगेत शिरले. ती रांग मेट्रोची नव्हती. दोन्ही बाजूंना बांबू, मागे हजार माणसं, पुढे हजार माणसं आणि शिट्टी वाजवणारे स्वयंसेवक. "मुझे दर्शन नहीं करना है, मुझे चांदनी जाना है," असं उदयरावांनी एका स्वयंसेवकाला सांगितलं. त्याने त्यांच्याकडे दयेने पाहिलं आणि "आगे चलिए काकू, सबको मिलेगा," असं म्हणून पुढे ढकललं. बंगालीत काकू म्हणजे काका, हे उदयरावांना माहीत होतं, तरी त्या क्षणी ते मनाला लागलंच. तासाभराने ते देवीपुढे पोहोचले. आता आलोच आहोत तर म्हणून त्यांनी पिशवीसकट हात जोडले आणि मनातली गोष्ट मागितली. मागितलं ते मराठीत. मग गर्दीने त्यांना मंडपाच्या दुसऱ्या दाराने, भलत्याच रस्त्यावर बाहेर काढलं.

चांदनीत पोहोचले तेव्हा गल्लीत ओळीने शटरं पडली होती. एकच अर्धं उघडं होतं. त्यातून दुकानदार बाहेर पडत होता, नवा कुर्ता, केसांना तेल. उदयरावांनी पिशवी पुढे केली. हा बोर्ड त्याने विकलेलाच नव्हता. तो विकणारा एल-वन तीन गल्ल्या पलीकडे कुलपात होता. तरी दुकानदार परत आत शिरला, हवा तो बोर्ड काढला आणि जुना ठेवून घेऊन वर अठराशे मागितले.

उदयराव हतबुद्ध झाले. समोर एकच पुरवठादार. एकच दर. दुसरं कोटेशन नाही, तिसरं नाही. याला सरकारी भाषेत सिंगल टेंडर म्हणतात, आणि उभ्या नोकरीत उदयरावांनी आपल्या सहीने एकही सिंगल टेंडर मंजूर केलेलं नव्हतं. निवृत्तीच्या समारंभात कोणीतरी हे बोलून दाखवेल अशी त्यांना अंधुक आशा होती.

"दादा, जल्दी कीजिए," दुकानदार म्हणाला. "घर में सब तैयार होके बैठा है."

त्यांनाही घरी कोणीतरी बसलेलं आठवलं. त्यांनी पाकीट काढलं आणि पैसे दिले. वरचे अठराशे आपल्या खिशातले, चहा-पानाचे. तातडीची निकड, असा शेरा त्यांनी मनातल्या मनात मारला आणि घाम पुसला.

घरी बोर्ड बघून कादंबरीने स्क्रू-ड्रायव्हर काढला, तोच मंगलाताई आडव्या आल्या. "दसऱ्याला शस्त्रांची पूजा होते. आता चार दिवसांवर आलाय. पूजेच्या आधी काही उघडायचं नाही." त्यामुळे दसऱ्याला विळी, उदयरावांचा स्टेपलर आणि आठ खोकी यांना शेजारी शेजारी झेंडू वाहिला गेला. त्यानंतर गल्लीत विजयादशमीच्या भेटीगाठी सुरू झाल्या. रोज कोणी ना कोणी मिठाई घेऊन येई, आणि रोज घोषालबाबू त्याला सांगत की खाली बर्गी लोक, म्हणजे चालून आलेले मराठे, एक यंत्र तयार करत आहेत. बघायला आलेला प्रत्येक जण काहीतरी सल्ला देऊन जाई. बाप-लेक रोज थोडं थोडं जोडत गेले. उदयराव स्क्रू एका वाटीत मोजून देत आणि उरलेले मोजून परत घेत. कादंबरी आता त्यांच्याशी बोलू लागली होती, निदान "तो छोटा द्या", "तो नाही, दुसरा" एवढं तरी.

कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी शेवटची वस्तू उरली, ग्राफिक्स कार्ड. उन्मेषच्या म्हणण्याप्रमाणे यंत्राचा प्राण. तो चांगला लांबलचक होता. कॅबिनेट मात्र सगळ्यांत कमी दराचा होता, आणि तो कमी दराचा का आहे ते आता कळलं. कार्ड दोन बोटं बाहेर येत होतं.

कादंबरीने तिरकं घालून पाहिलं. उदयरावांनी उलटं घालून पाहिलं. घोषालबाबू वर गेले आणि लोखंड कापायची करवत घेऊन आले.

"थोडा काट देगा," ते म्हणाले.

"कौन सा?" उदयरावांनी घाबरून विचारलं.

"जो छोटा लगे," घोषालबाबू म्हणाले. त्यांची नजर कार्डावर होती.

उदयरावांनी कार्ड छातीशी धरलं. कॅबिनेट बदलायला बाजार उघडा नव्हता. बंगालात कोजागिरीलाच लक्ष्मीपूजन असतं आणि ते झाल्यावरच सगळं पूर्ववत सुरू होतं. कादंबरी जमिनीवर, खोक्यांच्या कागदात बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "खरं म्हणजे डबा लागतच नाही. उघड्यावर पण चालतं. फक्त खाली धातू नको. लाकूड पाहिजे, सपाट."

इतके दिवस स्वयंपाकघरातून सगळं ऐकत असलेल्या मंगलाताईंनी कपाटावरून पाट काढला. सागवानी, पितळी फुल्या जडवलेला, भोपाळ, नाशिक, कोलकाता असा प्रत्येक बदलीत ट्रकमध्ये शेवटी ठेवलेला आणि सगळ्यांत आधी उतरवलेला. या पाटावर कादंबरीला दर वाढदिवसाला ओवाळलं होतं. त्यांनी तो ओल्या फडक्याने पुसला आणि मग कोरड्याने पुसला.

"यावर मांडा," त्या म्हणाल्या. "पितळेच्या फुल्या तेवढ्या सांभाळा."

फुल्यांवर जाड पुठ्ठा घातला. पाटावर बोर्ड मांडला. कार्ड कलंडू नये म्हणून त्याखाली लोणच्याची रिकामी प्लास्टिकची बरणी लावली. सुरू करायचं बटण कॅबिनेटला होतं, त्यामुळे ते गेलं. कादंबरीने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बोर्डावरच्या दोन बारीक काड्यांना टेकवलं. मंगलाताईंनी डोळे मिटले. पाटावर लाल, निळे, हिरवे दिवे लागले, पडदा उजळला आणि घोषालबाबूंनी वरच्या मजल्यावर ऐकू जाईल इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सराव करताना खेळ सुरू होऊन दहा मिनिटं झाली आणि सगळं काळं पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा काळं पडलं. वीजपुरवठ्याचा डबा हाताला चटका बसेल इतका तापला होता. त्याच्या आतला पंखा फिरतच नव्हता. हाही एल-वनच. उदयरावांनी तक्ता घडी घालून खिशात ठेवला. टेबलफॅन लावला तर घराच्या जुन्या वायरिंगवर फ्रिज, कॉम्प्युटर आणि फॅन तिघं मिळून जड झाले आणि फ्यूज उडाला. कादंबरीने खेळातली चित्रं कमीत कमी दर्जाची केली, झाडं कमी केली, पाणी कमी केलं, सावल्या काढून टाकल्या. तेव्हा यंत्र थोडं जास्त टिकलं, पण तापणं काही थांबेना.

सात वाजता स्पर्धा होती. साडेसहाला घोषालबाबूंनी वरून ताडाच्या पानाचा हातपंखा आणला आणि उदयरावांच्या हातात ठेवला.

अशा रीतीने केंद्र सरकारच्या खरेदी शाखेचे अधिकारी उदयराव खांबेटे कोजागिरीच्या संध्याकाळी जमिनीवर मांडी घालून, पाटासमोर बसून, वीजपुरवठ्याच्या डब्याला वारा घालू लागले. हेडफोन पुढच्या टप्प्यात असल्यामुळे कादंबरीने फोन स्पीकरवर ठेवला होता, आणि नाशिकचे दोन आवाज घरभर घुमत होते.

"कादू, डावीकडे ये, डावीकडे. अगं, तुझी डावी."

"नूपुर, तू माझ्यामागे का लपतेस?" कादंबरी म्हणाली. "मी झाड आहे का?"

"तुझ्याकडे झाडंच नाहीयेत म्हणालीस ना."

आणि कादंबरी हसली. जून महिन्यानंतर पहिल्यांदा हसली, खळखळून, खुर्चीवर मागे रेलून. उदयरावांचा हात क्षणभर थांबला. त्यांना आपले डोळे भरून आल्याचं जाणवलं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून ते खाली वाकून अधिकच जोरात वारा घालू लागले.

त्याच वेळी वर शंख वाजला. थोड्या वेळाने घोषालबाबूंच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली बौदी, म्हणजे वहिनी, म्हणे, लक्ष्मीचा प्रसाद घेऊन खाली आल्या. दारात त्या थबकल्या. कोजागिरी म्हणून मंगलाताईंनी पाटाभोवती सवयीने रांगोळीची रेघ ओढली होती. मधे रंगीत दिवे चमकत होते, आणि समोर घरचा कर्ता पुरुष मान खाली घालून पंखा ढाळत होता. बौदींनी पदर सावरला, देवाला करतात तसा वाकून नमस्कार केला आणि नारळाचे दोन लाडू पाटाच्या कोपऱ्यावर ठेवले.

"ये कौन सा ठाकुर है?" त्यांनी मंगलाताईंना हळूच विचारलं.

"हमारे यहाँ का है," मंगलाताई दुधात जायफळ उगाळत म्हणाल्या.

नाशिकच्या पोरांनी दोन फेऱ्या जिंकल्या. तिसरीत हरले. हरताना तिघंही एकमेकांवर इतके ओरडत होते की उदयरावांना वाटलं आता सगळं संपलं. पण मग फोनमधून सुश्रुतचा आवाज आला, "बरं, शनिवारी सहाला. तन्मयला सांगितलंय, तो राखीव. आणि कादू, तुझ्याकडे कसला वारा येतोय सारखा? वादळ आहे का?"

"बाबा आहेत," कादंबरी म्हणाली.

"काय करतायत?"

तिने वळून पाहिलं. उदयराव घामाने निथळत होते. उजवा हात दुखला म्हणून पंखा डाव्यात घेतला होता. स्पर्धा संपली आहे हे कळूनही ते वारा घालायचे थांबले नव्हते.

"मशीन सांभाळतायत," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मग खुर्चीवरून उतरून ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. पाटावरचा एक लाडू त्यांच्या हातात दिला, दुसरा स्वतः घेतला. मंगलाताईंनी दुधाचे पेले आणले. उदयरावांनी अखेर पंखा खाली ठेवला.

"बाबा," थोड्या वेळाने ती म्हणाली, "भोपाळचा कुत्रा माफ."

उदयरावांच्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं. त्यांनी लाडू गिळला आणि जरा धीर करून विचारलं, "आणि नाशिकची सायकल?"

कादंबरीने दुधाचा घोट घेतला, विचार केल्यासारखं केलं, आणि अगदी त्यांच्याच आवाजात म्हणाली, "ते प्रकरण विचाराधीन आहे."